फासे, भुयारे आणि पुरवण्या

१९७६ साली अमेरिकेत एक लहानशी पुस्तिका छापली गेली. विषय एका खेळाचा होता. पण तिच्या प्रस्तावनेत खेळांच्या पुस्तकांतून सहसा न आढळणारा एक उद्गार आहे. टिम कास्क नावाचे संपादक खेळाडूंना जे सांगतात त्याचा भावार्थ असा : आम्हांला सांगण्यासारखे होते ते जवळजवळ सगळे सांगून झाले, यापुढे पुस्तकात एखाद्या प्रसंगाचा उलगडा सापडला नाही, तर तुमचे तुम्ही निभावून न्या.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘बाई, तुमचे सामान पुरे झाले, आता घरी जा’ असे सांगावे, तशातलाच हा प्रकार. मौज अशी की, ते दुकान काही बंद झाले नाही. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याच खेळाच्या नावावर इतकी पुस्तके निघाली की, ती मांडायला एखाद्या गावाच्या वाचनालयाची खोली अपुरी पडावी. खेळाला नवे अधिकृत लिखाण किती लागते, हा प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर एक मोठी पेढी बुडाली आहे, शेकडो माणसांच्या नोकऱ्या आल्या आणि गेल्या आहेत, आणि अगदी अलीकडे, २०२३ च्या जानेवारीत, याच प्रश्नावरून हजारो खेळाडू आणि ग्रंथकार एका बलाढ्य कंपनीपुढे उभे ठाकले आहेत. म्हणून ही हकीकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

आधी खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. वाचकांपैकी पुष्कळांच्या अंगणात या दिवसांत किल्ला उभा असेल. मातीच्या उतारावर मावळे ठेवलेले असतात, आणि मुलांचे बोलणे कानांवर पडते : ‘हा माझा मावळा आता तटावरून दोर सोडणार.’ दुसरा म्हणतो, ‘छट्, तट केवढा उंच आहे! दोर पुरायचाच नाही.’ मग तिसरा कुणीतरी थोडा मोठा मुलगा न्याय करतो, ‘बरं, फासा टाक. सहा पडले तर उतरला, नाही तर पडला.’ एवढे ध्यानात घेतले की हा खेळ कळला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण सूत्रधार होतो; तो भुयारांचे, जंगलांचे, राक्षसांचे वर्णन करतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ जिथे शंका असेल तिथे फासे पडतात. सोंगट्यांचा पट लागतोच असे नाही. कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि श्रोत्यांनी मधेच उठून सुदाम्याच्या किंवा हरिश्चंद्राच्या तोंडी आपले बोल घालावेत, अशी काहीशी तऱ्हा. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारे आणि सर्पासुर.

या खेळाच्या वंशावळीत थोडे मागे गेले तर आपला प्रश्न खेळाहूनही जुना निघतो. प्रशियाच्या सैन्यात फॉन रायस्विट्स नावाच्या तोफखान्यातील एका तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धक्रीडेचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी त्याआधीच राजासाठी असा एक खेळ सिद्ध केला होता. नकाशावर ठोकळे, हातांत फासे, आणि मधे एक पंच. सेनापतींना तो आवडला आणि पलटणींतून त्याचा प्रसार झाला. मग जे व्हायचे तेच झाले. प्रत्येक शहाण्याने एकेक कोष्टक वाढविले. किती अंतरावरून किती गोळ्या लागतात, चढावर घोडदळ किती वेगाने जाते, सगळ्याचे आकडे! पंच बिचारा कोष्टके चाळण्यात दमून जाई आणि लढाई पुढे सरकत नसे. अखेर १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अनुभवी अधिकाऱ्याने सांगून टाकले की, पंच लढाया पाहिलेला माणूस असेल तर ही कोष्टके फेकून द्यावीत. तो आपल्या बुद्धीने निर्णय देईल तो पुरेसा आहे.

चार वर्षांनी, १८८० मध्ये, टॉटन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धक्रीडेचे पुस्तक लिहिले. खेळाडूला जे सुचेल ते त्याने करू पाहावे, ते साधते की नाही हे पंचाने ठरवावे, हा विचार त्यात होता. हे पुस्तक मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते. तिथे ते १९६० नंतरच्या दशकात डेव्ह वेझली या तरुणाच्या हाती लागले. १९६९ च्या सुमारास त्याने नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावावर खेळ रचला, आणि प्रत्येक गड्याला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. गोंधळ उडाला, पण गडी खूश झाले. त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचे आपले मायावी राज्य उभे केले, आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सला ते दाखविले. या खेळाच्या रक्तातच अशी दोन गुणसूत्रे एकत्र आली आहेत : एक कोष्टके वाढविणारे, दुसरे कोष्टके फेकून देणारे. पुढचा सगळा इतिहास हा त्या दोहोंचा झगडा आहे असे मला वाटते.

गायगॅक्स हा विमा कंपनीतली नोकरी गेलेला, बूट दुरुस्त करून संसार चालविणारा गृहस्थ. डॉन के या बालमित्राबरोबर त्याने १९७३ च्या ऑक्टोबरात ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही पेढी काढली. ब्रायन ब्लूम पैसे घेऊन मागाहून आला. जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाहेर पडला. लाकडी नक्षीच्या कागदाने मढविलेली तपकिरी पेटी, आत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. तिन्ही पुस्तिकांची पाने मिळून ११२. आपल्याकडची एखादी कथामालासुद्धा याहून जाड असते.

त्या ११२ पानांतही सगळे होते असे नाही. लढाईसाठी गायगॅक्सचेच एक जुने पुस्तक हवे होते, रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट घ्यावा असे सुचविले होते, आणि जे होते तेही धड समजेल तर शपथ. पण तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी ग्रंथकार वाचकाला सांगतो की, शंका आली तर आम्हांला पत्रे लिहीत बसू नका. तुम्हांला ते कसे असावेसे वाटते हे ठरवा आणि तसे करून टाका. कल्पना करण्याचे आणखी काम आमच्यावर का सोपविता, असा त्याचा रोख आहे.

लोकांनी हा सल्ला मनावर घेतला, किंबहुना जरा जास्तच घेतला. फीनिक्स शहरातल्या केन सेंट आन्द्रेला नियम पटेनात, तेव्हा त्याने १९७५ साली ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचाच खेळ लिहून काढला. कॅलिफोर्नियातल्या तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी आपली निराळी नियमावली केली. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी जून १९७५ मध्ये एक मासिक संकलन सुरू केले. गावोगावचे सूत्रधार आपापली पाने छापून त्यांच्याकडे पाठवीत आणि त्या ती एकत्र बांधून सर्वांना धाडीत. हा उपक्रम त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे चालविला. संपादकांच्या चिकाटीची उदाहरणे आपण दिवाळी अंकांच्या संदर्भात अभिमानाने देतो. या बाईंचे नाव त्या पंगतीत मांडायला हरकत नाही. त्यांच्या दुसऱ्याच अंकात खुद्द गायगॅक्सचे पत्र आहे. सगळ्या खेळाडूंचे खेळ कसा खेळावा याविषयी एकमत झाले, तर खेळ शिळा आणि कंटाळवाणा होईल, असे तो त्यात बजावतो. हे पत्र ध्यानात ठेवावे. कारण पत्र लिहिणारा पुढे ते विसरला.

तरीही पुरवण्या निघाल्याच. १९७५ मध्ये दोन, १९७६ मध्ये दोन. आरंभी उल्लेखिलेली ती चौथी. तिचा विषय देव-देवता. ग्रीक, ईजिप्शियन, नॉर्डिक देवांबरोबर आपल्या भारतीय देवांनाही तिच्यात एक प्रकरण मिळाले होते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे बळाचे आकडे! वाचून आपल्या आजीने कानांवर हात ठेवले असते. पण हेतू वाईट नव्हता. कित्येक सूत्रधार आपल्या गड्यांवर खजिना आणि बळ यांची अशी खैरात करीत की, त्यांचे वीर इंद्रापेक्षाही भारी होऊन बसत. त्यांना जरा लाज वाटावी म्हणून देवांचे आकडे छापले, असे कास्क सांगतात. त्या मालेतली ती शेवटचीच पुरवणी ठरली.

इथपर्यंतची हकीकत ऐकून वाचक म्हणतील, मग उत्तर सोपे आहे. ११२ पाने पुरेत, बाकी लबाडी. पण ते तितकेसे खरे नाही. १९७६ सालीच इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावचे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन हे दोन गृहस्थ लेक जिनीव्हास गेले. सूत्रधारासाठी तयार नकाशे आणि तयार नगरे छापण्याची परवानगी त्यांना हवी होती. असले शिळे अन्न कोण घेणार, प्रत्येक जण आपले आपण रांधतोच की, असे पेढीवरच्या मंडळींना वाटले अशी कथा आहे. दोघांनी ‘जजेस गिल्ड’ नावाची संस्था काढून एका मोठ्या नगराचा नकाशा छापला. त्यात गल्ल्या, दुकाने आणि दुकानदारांची नावेसुद्धा होती. माल हातोहात गेला आणि वर्गणीदार मिळाले. तेव्हा कुठे पेढीला जाग आली, आणि १९७८ मध्ये तिने स्वतःची तयार साहसे, म्हणजे राक्षसांच्या गढ्यांवरच्या स्वाऱ्या, स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपाने विकायला काढली.

ब्लेडसॉला जे उमगले ते गायगॅक्सला उमगले नव्हते. लोकांकडे कल्पनेचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो वेळेचा. माझी एक भाची पुण्यास हा खेळ चालविते. दिवसभर बँकेत काम, घरी लहान मूल, आणि शनिवारी रात्री पाच मैत्रिणी येऊन बसणार. तिला मी विचारले, ‘तू स्वतः का रचीत नाहीस?’ ती म्हणाली, ‘मामा, चकल्या मलाही येतात. पण भाजणी विकतची आणते.’ या विषयावर मी जे काही वाचले आहे, त्यात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही. नियम एकदा शिकले की पुरतात. साहसे मात्र खेळून संपतात. एकदा उलगडलेले रहस्य त्याच गड्यांपुढे दुसऱ्यांदा मांडता येत नाही. म्हणजे नव्या लिखाणाची भूक खरी आहे, परंतु ती साहसांची आहे, नियमांची नव्हे.

‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळाचा दाखला इथे उपयोगी पडतो. सॅन्डी पीटरसन यांनी रचलेला हा भयकथांचा खेळ केऑसियम कंपनीने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे नियम तीस-बत्तीस वर्षे जवळजवळ होते तसेच राहिले. मोठा फेरफार झाला तो २०१४ च्या सातव्या आवृत्तीत. तो खेळ जगला तो साहसांवर. त्यांतले ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ हे १९८४ सालचे प्रचंड साहस आजही खेळतात, आणि २०१८ मध्ये ते विस्तारून पुन्हा छापले गेले. जुनी साहसे नव्या नियमांवर चालविताना सूत्रधाराला थोडीशी डागडुजी करावी लागते, एवढेच.

पण व्यापाराचे गणित वेगळे असते. साहस विकत घेतो तो एकटा सूत्रधार. नियमांचे पुस्तक टेबलाभोवतीच्या सगळ्यांना विकता येते. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत गायगॅक्सने ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे बिरुद लावून तीन जाडजूड, पक्क्या बांधणीचे ग्रंथ काढले. एक राक्षसांचा, एक खेळाडूंचा, एक सूत्रधाराचा. आता सूर पालटला. गावोगावचे खेळ एकसारखे असावेत, म्हणजे एका गावचा वीर दुसऱ्या गावच्या टेबलावर चालेल आणि स्पर्धांत वाद होणार नाहीत, असे तो प्रतिपादू लागला. पुढे तर मासिकातून त्याने लिहिले की, अधिकृत नियम सोडून जो खेळतो तो हा खेळ खेळतच नाही. चार वर्षांपूर्वीचे ते पत्र कुठे आणि हे कुठे! स्पर्धांची अडचण खरी होती, हे कबूल केले पाहिजे. लेक जिनीव्हात १९६८ पासून भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या मेळाव्यात अनोळखी माणसे एका टेबलाशी बसत. त्यांना समान भूमी हवी. पण दुसरे कारणही त्याच्या आड होते. नव्या ग्रंथांच्या रॉयल्टीवरून आर्नेसनने १९७९ मध्ये दावा लावला, आणि तडजोड व्हायला १९८१ उजाडले. ‘नवा खेळ’ म्हटले की जुन्या भागीदाराचा वाटा उरतो की नाही, हा त्या भांडणाचा गाभा. अधिकृत या शब्दाला तेव्हापासून पैशाचा वास येऊ लागला.

आणि पैसा आलाही भरपूर. १९८३ पर्यंत पेढीवर तीनशेंहून अधिक माणसे कामाला होती. मग उतरती कळा लागली, कपात झाली, माणसे घरी गेली. १९८५ साली गल्ला रिकामा असताना गायगॅक्सने घाईघाईने दोन पुस्तके काढली : मासिकात पूर्वी आलेले नियम एकत्र करून ‘अनअर्थ्ड आर्केना’, आणि पौर्वात्य देशांच्या धर्तीवर ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’. दोन्ही धो-धो खपली. पहिल्यात चुका इतक्या की, शुद्धिपत्र काढावे लागले. खेळाडूंना ही पुस्तके हवी होती म्हणून निघाली नाहीत, पेढीला हवी होती म्हणून निघाली. आणि खेळाडूंनी ती आनंदाने घेतली. यात कोणी कोणाला फसविले असे मला म्हणवत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गायगॅक्सच्या हातून पेढीची सत्ता गेली आणि ती लॉरेन विल्यम्स यांच्याकडे आली.

यानंतरचे दशक म्हणजे पुरवण्यांचा महापूर. १९८९ मध्ये नियमांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यामागोमाग योद्ध्यांची पुस्तिका, चोरांची पुस्तिका, मांत्रिकांची, पुरोहितांची, बुटक्यांची... आणि निरनिराळी जगे! १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’ आलेच होते. १९८९ मध्ये अंतराळातल्या जहाजांचे ‘स्पेलजॅमर’, १९९० मध्ये भुताखेतांचे ‘रेव्हनलॉफ्ट’, १९९१ मध्ये वाळवंटी ‘डार्क सन’, १९९२ मध्ये अरबी सुरस कथांच्या धाटणीचे ‘अल-कादिम’, १९९४ मध्ये ‘प्लेनस्केप’, १९९५ मध्ये ‘बर्थराइट’. यांतली काही जगे अत्यंत सुंदर होती, आणि त्यांवर काम करणारे लेखक-चित्रकार आपल्या कलेत कसलेले होते. हे मी आवर्जून सांगतो, कारण बुडालेल्या पेढीच्या मालाला नावे ठेवणे सोपे असते. अडचण वेगळीच होती. वाळवंटाच्या जगात खेळणारा भुतांच्या जगाचे पुस्तक घेत नाही. गिऱ्हाईक वाढले नाही, वाटले मात्र गेले. जिथे पूर्वी एक पुस्तक सर्वांना खपे, तिथे सात पुस्तके सातांना थोडी थोडी.

मग ती छापीत का राहिले? याचे उत्तर बेन रिग्ज या लेखकाने २०२२ च्या आपल्या ग्रंथात उकलून दाखविले आहे, आणि ते एखाद्या सावकारी दस्तऐवजासारखे मनोरंजक आहे. पेढीचा माल पुस्तकांच्या दुकानांत पोहोचविण्याचा करार १९७९ पासून रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेशी होता. करार असा की, पुस्तके गोदामात पोहोचली की पैसे मिळायचे. गिऱ्हाइकाने ती विकत घेतली की नाही ते मागाहून. म्हणजे पुस्तक छापणे ही जणू टांकसाळच झाली. पैशाची चणचण भासली की छापा आणखी एक पुस्तक! पण न खपलेला माल परत येतो, आणि परत आलेल्या मालाचे पैसे भरावे लागतात. ते भरायला आणखी छापायचे. १९९६ च्या अखेरीस परतीचा लोंढा आला, छापखान्याची देणी थकली, छपाई थांबली. १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या पत्त्यांच्या खेळावर श्रीमंत झालेल्या कंपनीने ती पेढी विकत घेतली. ‘खेळाला किती लिखाण लागते’ हा प्रश्न वर्षानुवर्षे कुणी खेळाडूला विचारलाच नव्हता. तो फक्त धनकोला विचारला जात होता.

महापुरापेक्षाही सूक्ष्म असा एक उपद्रव अधिकृत लिखाणातून होतो, तोही इथेच सांगतो. ‘ट्रॅव्हलर’ हा मार्क मिलर यांचा अंतराळप्रवासाचा खेळ १९७७ मध्ये तीन छोट्या काळ्या पुस्तिकांत आला. त्यांत ठरलेले असे जगच नव्हते. फासे टाका आणि आपले तारे, आपली ग्रहमाला, आपली राज्ये रचा, अशी सोय होती. पुढे कंपनीने एक अधिकृत साम्राज्य दिले. लोकांनी ते आपलेसे केले आणि त्यात घरेदारे वसविली. १९८७ च्या नव्या आवृत्तीत त्या साम्राज्याच्या सम्राटाचा खून करून कंपनीने यादवी माजविली. १९९३ मध्ये तर उरलेसुरले जगही उद्ध्वस्त केले. ज्याने दहा वर्षे खपून त्या साम्राज्याचा एक कोपरा सजविला होता, त्याने काय करावे? नवे पुस्तक घेतले तर आपले जग जाते; न घेतले तर आपण ‘जुने’ ठरतो. १९९६ मध्ये ती कंपनीही मिटली. अपुऱ्या लिखाणाने खेळाचे एवढे नुकसान झाल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

२००० साली विझर्ड्स कंपनीने तिसरी आवृत्ती काढली आणि एक धाडस केले. कंपनीतील रायन डॅन्सी यांचा हिशेब असा होता की, नफा मुख्य नियमग्रंथात आहे, साहसांत नाही. तेव्हा साहसे आणि पुरवण्या बाहेरच्यांनी लिहाव्यात, त्यांच्यामुळे आपला मुख्य ग्रंथ खपेल. म्हणून नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली सर्वांना मोकळा केला. एकाएकी शेकडो लहान प्रकाशक उगवले. काही उत्तम, पुष्कळसे सुमार. २००३ मध्ये कंपनीने सुधारलेली ‘साडेतीनवी’ आवृत्ती काढली, तेव्हा दुकानदारांच्या फळ्यांवरचा बराच माल रातोरात शिळा झाला.

खुल्या परवान्याचे खरे फळ पुढे दिसले. २००८ मध्ये चौथी, फार निराळी आवृत्ती आली. ज्यांना ती रुचली नाही त्यांच्यासाठी पायझो कंपनीने २००९ मध्ये जुन्याच नियमांवर ‘पाथफाइंडर’ उभा केला, आणि काही काळ तर त्याने दुकानांतल्या विक्रीत मूळ खेळालाही मागे टाकले. दुसरीकडे काही हौशी मंडळींनी त्याच परवान्याच्या आधाराने १९७४ च्या आणि १९८० च्या सुमाराच्या जुन्या नियमांचे जीर्णोद्धार छापले. म्हणजे मालकाने टाकून दिलेला खेळ मालकाशिवाय जगू लागला.

२०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली ती जपून पावले टाकीत. प्राथमिक नियम फुकट, तीन मुख्य ग्रंथ, आणि नंतर वर्षाकाठी दोन-तीन पुस्तके, त्यांतलीही बहुतेक साहसे. जुने खेळाडू दुष्काळ पडल्याची हाकाटी करू लागले. नियमांची मोठी भर घालणारे पहिले पुस्तक यायला नोव्हेंबर २०१७ उजाडले. आणि नेमक्या याच ‘दुष्काळात’ खेळ पूर्वी कधीच नव्हता एवढा लोकप्रिय झाला! त्याचे श्रेय सगळे संयमाला देता येणार नाही. २०१५ पासून अभिनेत्यांचे खेळ पडद्यावर पाहण्याची टूम निघाली, तिचाही वाटा मोठा आहे. पण एवढे खरे की, नवखा माणूस दुकानात शिरला तर त्याच्यापुढे साठ पुस्तकांची भिंत नव्हती. २०१६ पासून खेळाडूंनी स्वतः लिहिलेली साहसे विकण्याची सोयही कंपनीने करून दिली, आणि भूक होती तिथे घरगुती ताटे वाढली गेली.

आता जानेवारी २०२३. कंपनीने खुल्या परवान्याचा नवा मसुदा केल्याचे फुटले. त्यात जुना परवाना रद्दबातल ठरविण्याचा घाट होता, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांपलीकडे उत्पन्न असणाऱ्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेचा चौथा हिस्सा मागितला होता. बावीस-तेवीस वर्षे त्या परवान्याच्या भरवशावर ज्यांनी घरे चालविली होती, त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. खेळाडूंनी गप्प बसायचे नाकारले. कित्येकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा चारशे पानांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली सोडून दिला. तो परवाना आता कुणालाही मागे घेता येत नाही. धरणाचे दार एकदाचे उघडले आणि चावी नदीत पडली, असे म्हणा ना.

गायगॅक्स २००८ च्या मार्चमध्ये गेला, आर्नेसन २००९ च्या एप्रिलमध्ये. दोघांनीही हे पाहिले नाही. २०२४ च्या सप्टेंबरात खेळाडूंचा सुधारलेला नवा ग्रंथ आला; २०१४ चा ३२० पानांचा होता, हा ३८४ पानांचा आहे. त्यामागून सूत्रधाराचा, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राक्षसांचा. भाचीने त्यांतला एकही घेतलेला नाही. तिची २०१४ ची प्रत शिवण उसवलेली आहे, मधली पाने रबराने बांधली आहेत, आणि समासांत मैत्रिणींच्या वेगवेगळ्या अक्षरांत टिपणे आहेत : ‘हा नियम आपल्याकडे नाही’, ‘हा विषारी वार फार झाला, निम्मा करावा’. एका पानाच्या कोपऱ्यात तर तिच्या मुलाने तेलकट बोटांनी एक राक्षस काढून ठेवला आहे. त्याचे बळ किती, असे मी विचारले, तर ते अजून ठरायचे आहे म्हणाली. येत्या शनिवारी तो भुयाराच्या तिसऱ्या वळणावर बसणार आहे.